गुडघे, कैऱ्या आणि पुस्तकं

आमच्या वाचकांच्या व्हॉट्सॲप गटात मध्यंतरी एक फतवा निघाला. "येथे फक्त पुस्तकांवर बोलावे. शुभ सकाळ, पाककृती, आजारपणे व हवामान टाळावे." काढणारे अ‍ॅडमिन सज्जन गृहस्थ आहेत, त्यांचा हेतूही चांगला होता. पण हवामान टाळावे, हे चिपळूणच्या बाईला सांगायचं म्हणजे कमालच झाली.

मग त्यांनीच तोडगा काढून दोन गट केले, एक पुस्तकांचा आणि एक गप्पांचा. पुस्तकांच्या गटात मुखपृष्ठांचे फोटो येऊ लागले आणि त्यांच्याखाली "अप्रतिम", "निःशब्द", "संग्राह्य". निःशब्द म्हणणारा माणूस पुढे काही बोलत नाही, ही त्यातली मोठी अडचण. इकडे गप्पांच्या गटात कैरीच्या लोणच्यात मेथी तळून घालायची की भाजून, यावर तुंबळ चाललेलं असताना बेळगावच्या बाईंनी मध्येच लिहिलं, "सिस्टर, तुम्ही रात्रपाळीला 'बनगरवाडी' घेऊन जा. मोठी नाही, आणि बेल वाजली की कुठेही ठेवता येते."

झालं. त्या दिवसापासून पुस्तकं गप्पांच्याच गटात येतात आणि पुस्तकांचा गट ओस पडलाय. अ‍ॅडमिनसाहेबही हल्ली इकडेच असतात, त्यांच्या आईच्या पथ्याचं विचारत.

पुस्तक चांगलं आहे हे सांगायला परीक्षणं आहेत, पुरस्कार आहेत. पण ते तुम्हाला, आत्ता, ह्या दिवसांत झेपेल का, हे सांगणाऱ्याला तुमचे गुडघे, तुमची ड्यूटी, तुमच्या घरात कोण आजारी आहे, हे माहीत असावं लागतं. आणि ते माहीत व्हायला रोज थोडं फालतू बोलावं लागतं. दुसरा मार्ग मला तरी दिसलेला नाही.

माझं औषधांचं दुकान आहे, बाजारपेठेत. दुपारी जेवणाच्या वेळेला अर्धी पेठ शटर ओढून घेते, औषधवाल्याला तसं करून चालत नाही. त्या वेळात मी काउंटरवर वाचते. वाचते म्हणजे काय, दोन परिच्छेद झाले की कोणीतरी येतं आणि म्हणतं, "परवा नेल्या होत्या त्या पांढऱ्या गोळ्या द्या." दुकानात निम्म्या गोळ्या पांढऱ्या. त्या शोधून, पैसे घेऊन, "जेवल्यावर घ्यायच्या हां" सांगून परत यायचं तर मधल्या वेळात पुस्तकातला माणूस कुठल्या खोलीत होता तेच आठवत नाही. तेव्हा मला कुठलं पुस्तक चालेल हा साहित्याचा प्रश्न नाही, दुकानदारीचा आहे. गटातल्या लोकांना हे बरोबर कळतं.

गटात आहेत कोण? बेळगावच्या निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांना सगळे बाई म्हणतात. सोलापूरच्या सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर. डोंबिवलीचे काका, रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झालेले. भंडाऱ्याकडचे एक कृषी सहायक, ते भाऊ. न्यू जर्सीत राहणारी एक मुलगी. आता तिची मुलगीच कॉलेजात गेलीय, पण आमच्यात ती मुलगीच. आणखीही बरेच, पण बोलणारे हेच. सिस्टर पहाटे तीनला जाग्या, काका साडेचारला उठून चहा टाकतात, अमेरिकेत तेव्हा संध्याकाळ. त्यामुळे गटात कोणी ना कोणी कायम जागं असतं.

सिस्टरनी 'बनगरवाडी' नेली. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 ची. माणदेशातल्या एका धनगरांच्या वाडीवर शाळामास्तर म्हणून गेलेल्या कोवळ्या पोराची आणि तिथल्या म्हाताऱ्या कारभाऱ्याची गोष्ट. सोलापूरच्या दवाखान्यात सांगोल्याकडची माणसं येतात, म्हणजे माणदेशातलीच. तिसऱ्या का चौथ्या रात्री सिस्टरचा मेसेज आला, "बाई, हे कारभारी माझ्या वॉर्डात सात नंबरच्या कॉटवर आहेत. गोळी घेत नाहीत आणि मलाच शहाणपण शिकवतात." खाली चहाच्या स्टीलच्या पेल्याचा आणि पालथ्या घातलेल्या पुस्तकाचा फोटो. त्या पुस्तकावर मी आजवर वाचलेल्या समीक्षेपेक्षा मला हा मेसेज मोलाचा वाटतो. शेवट इथे सांगत नाही. भाऊंनी तो गटात सांगून टाकला आणि सिस्टर आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाऊंचं म्हणणं, सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाचं कसलं आलंय गुपित. बाईंनी निकाल दिला की गुपित पुस्तकाचं नसतं, वाचणाऱ्याचं असतं. मेथीचा निकाल मात्र अजून लागलेला नाही.

काकांची सुचवायची रीत निराळी. नोकरीभर त्यांनी डोंबिवली ते सीएसटी उभ्याने वाचलं. त्यामुळे पुस्तकाचं माप ते पानांत सांगत नाहीत. "'रणांगण'? दोनदा जाणं, दोनदा येणं. येताना मुलुंडच्या पुढे वाचू नका, उतरायचं राहील." हे असं. विश्राम बेडेकरांची ही एकुलती एक कादंबरी, 1939 ची. युरोपातून हिंदुस्थानाकडे निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू, त्यातली हॅर्टा आणि आपला चक्रधर. काकांनी कथानकाचा एक शब्द सांगितला नव्हता. एवढंच लिहिलं होतं, "तुम्ही दुकानात वाचता ना? मग हे नको. हे सलग वाचायचं. रविवार बघा." दुकानात नको हे सांगणारा माणूस मला जास्त विश्वासाचा वाटतो. मी रविवार बघितला. स्वयंपाक नवऱ्याने केला, त्याबद्दल इथे काही लिहीत नाही.

काकांच्या शिफारशींत आणखीही बारकावे असतात. "पहिली चाळीस पानं रेटा, पुढे उतार आहे." "ही आवृत्ती घेऊ नका, टाइप बारीक आहे, जुनी मिळाली तर बघा." "बांधणी कच्ची, पाठीवर झोपून वाचलंत तर पानं नाकावर येतील." नुसतं 'जरूर वाचा' लिहिणाऱ्यांनी यातलं काहीतरी शिकावं.

उलट गटात एक गृहस्थ आहेत, त्यांची आवड आणि माझी आवड म्हणजे पूर्व-पश्चिम. त्यांना प्रेरणादायी लागतं. ते एखाद्या पुस्तकावर "फारच निराशावादी, लेखकाने समाजाला काय दिले?" असं लिहितात, तेव्हा मी ते नाव चिठ्ठीवर लिहून गल्ल्यात टाकते. आजवर दगा नाही. माणूस माहीत असला की त्याची नावडही उपयोगी पडते, ती अशी.

'तुंबाडचे खोत'चं मात्र वेगळं. दर थोड्या महिन्यांनी कोणीतरी नवीन येतं आणि विचारतं, "तो तुंबाड सिनेमा ज्यावरून काढला ते पुस्तक कुठलं?" 2024 मध्ये तो सिनेमा पुन्हा लागला तेव्हा तर रोजच. काकांनी उत्तर साठवूनच ठेवलंय: सिनेमाने घेतलं ते नाव, गोष्टीची प्रेरणा नारायण धारपांची, श्री. ना. पेंडशांच्या खोतांकडे सिनेमातला तो हस्तर राक्षस नाही, चार पिढ्यांची माणसं आहेत, आणि ती पुरेशी भीतिदायक आहेत. दोन जाडजूड खंड, 1987 चे. लोकलमध्ये हात वर करून धरता येत नाहीत म्हणून काकांनी निवृत्त झाल्यावर वाचले. मला ते वाचताना निराळीच मजा आली, कारण जगबुडीच्या काठचं तुंबाड आमच्या शेजारच्या खेड तालुक्यातलं. आणि ही जगबुडी पुढे येऊन आमच्या वाशिष्ठीला मिळते.

वाशिष्ठीचं नाव निघालंच आहे तर पुराचं सांगते.

चिपळुणात 2005 च्या जुलैत पाणी आलं होतं. तेव्हापासून गावात सगळ्यांच्या भिंतीवर, नाहीतर डोक्यात, त्या पाण्याची एक रेघ होती. त्याच्या वर ठेवलं की सुरक्षित. 22 जुलै 2021 ला पाणी त्या रेघेला न विचारता वर गेलं. आम्ही वरच्या बिऱ्हाडात होतो. खाली आमचा फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत हॉलमध्ये आला होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं. दुकानाचं तर विचारूच नका. इन्शुलिन, सलाईन, लहान मुलांच्या सिरपच्या बाटल्या, सगळं एकाच रंगाचं झालेलं.

पुस्तकांचं काय होतं ते बघितल्याशिवाय कळत नाही. मला वाटायचं भिजलेलं पुस्तक काढायचं आणि वाळवायचं. पण ती कपाटातून निघतच नाहीत. कागद पाणी पिऊन फुगतो, आणि ओळीने लावलेली पुस्तकं एकमेकांना असा काही जोर लावतात की सगळी रांग गच्च होऊन बसते. नवऱ्याने पहारीने कपाटाची एक बाजू उचकटली, तेव्हा कुठे ती बाहेर आली. गुळगुळीत कागदावर छापलेली महागडी, चित्रांची, ती पार विटा झाली होती. पानाला पान चिकटून एकजीव. आणि जुन्या खरखरीत कागदाची, रद्दीत मिळालेली, त्यातली काही उघडत होती. म्हणजे निदान उघडत होती. पण दिवस आषाढाचे. कोकणात आषाढात चड्डी वाळत नाही, तिथे पाचशे पानं कुठून वाळायला? चौथ्या दिवशी त्यांच्यावर काळी-हिरवी बुरशी धरली.

फोन चार्ज करायची सोय झाल्यावर गट उघडला. पुस्तकांचं एक अक्षर कोणी विचारलं नव्हतं. "प्यायचं पाणी आहे का?" "चिखलात अनवाणी फिरू नकोस." सिस्टरचा मेसेज नोकरीतल्या सुरात होता: पायाला जखम असेल तर डॉक्टरांना सांग, लेप्टोची, म्हणजे पुराच्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, गोळी चालू कर, दुकानात डॉक्सी शिल्लक असेल तर आधी घरच्यांचं बघ. मी औषधवाली, आणि मला औषध ती सांगत होती, कारण माझ्या डोक्यात तेव्हा काहीच शिरत नव्हतं. अमेरिकेच्या मुलीने मात्र कुठूनसं वाचून कळवलं की ओली पुस्तकं ताबडतोब डीप फ्रीझरमध्ये ठेवावीत, बुरशी थांबते. उपाय खरा आहे, मोठी ग्रंथालयं करतात म्हणे. आमच्याकडे वीज नव्हती आणि फ्रिजचं वर सांगितलंच. पण त्या दिवसांत मी पहिल्यांदा हसले ती तो मेसेज वाचून, हेही खरं.

महिनाभराने काकांचा फोन. "यादी दे." मी म्हटलं, यादी कसली, आधी रॅक्स यायचेत. तर म्हणाले, "बरं, मग आम्ही ठरवतो." त्यांनी आपापसात कोणी काय पाठवायचं ते ठरवून घेतलं होतं, दोनदा एकच नको म्हणून. मला न सांगता.

बाईंकडून दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' आलं. आत पेन्सिलने, "श्रावणापासून सुरू कर. चैत्राची वाट बघत बसू नकोस." 1956 चं हे पुस्तक मराठी महिन्यांच्या क्रमाने जातं. मी श्रावणात श्रावण वाचला, भादव्यात भादवा. एकेका महिन्याला दोनचार बैठका पुरतात, आणि दुकानात गिऱ्हाईक आलं तरी झाड कुठे पळून जात नाही. फाल्गुनात भाऊंनी भंडाऱ्याहून पळसाचे फोटो टाकले तेव्हा मला पान उघडून ताडून बघायची घाई. बाईंना माझी दुकानातली वाचनाची गत माहीत होती म्हणून हे पुस्तक आलं. एखाद्या 'मराठीतील शंभर सर्वोत्तम'च्या यादीतून उचलून पाठवलं असतं तर रॅकवर उभं राहिलं असतं, झालं.

भाऊंनी पुस्तकाबरोबर जवसाची चटणी पाठवली. डबा वाटेत सैल झाला आणि पुस्तकाला तेल लागलं. मला हा वास आता त्या पुस्तकाचाच वाटतो. सिस्टरनी फुटपाथवरून घेतलेली जुनी प्रत पाठवली, आत कुणाच्यातरी लग्नाच्या आहेराची शाई. अमेरिकेच्या मुलीने पुस्तक न पाठवता आमच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासाठी पैसे दिले. 1864 साली सुरू झालेलं हे वाचनालय. 2005 मध्ये भिजलं आणि 2021 मध्ये पुन्हा. हजारो पुस्तकं गेली. माझी कपाटभर गेली त्याचं दुःख मी त्या इमारतीच्या दारात उभी राहिल्यावर आवरतं घेतलं.

आता पीडीएफचं. गटात सगळ्यात मोठी भांडणं राजकारणावरून होत नाहीत (राजकारणाला बंदी आहे, आणि ही एक बंदी बरी आहे), ती "पीडीएफ आहे का कोणाकडे?" यावरून होतात. विचारणारे बहुतेक वेळा भाऊ. एकदा कोणीतरी लिहिलं, ज्ञान वाटल्याने वाढतं. मी लिहिलं, माझ्या दुकानातल्या गोळ्या वाटल्यानेही आरोग्य वाढेल, उद्यापासून फुकट देऊ का? त्यावर बाईंनी शाळा घेतली. लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतात; कायदा 1957 चा, तेव्हा मुदत पन्नास होती, ती 1992 मध्ये साठ झाली. म्हणजे 1950 मध्ये गेलेले साने गुरुजी खुशाल वाटा, पण पु. ल. 2000 साली गेले, तेव्हा त्यांचं 2060 संपेपर्यंत पाकीट काढायचं.

भाऊ गप्प बसले नाहीत, आणि त्यांचंही म्हणणं खोटं नव्हतं. "बाई, तुम्ही सांगितलेलं पुस्तक घ्यायला मला साठ किलोमीटर नागपूर. तिथे गेलो तर ते म्हणतात आवृत्ती संपली. मी काय करू?" यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. मराठीत हजारभर प्रती निघतात, संपल्या की पुन्हा कधी छापतील याचा नेम नाही. शेवटी असं ठरलं की ज्याच्याकडे प्रत आहे त्याने भाऊंना धाडायची, वाचून झाली की भाऊ पुढच्याला. बरीच वर्षं हे टपालाने स्वस्तात व्हायचं. छापील पुस्तकांचा तो जुना कमी दर 2024 च्या डिसेंबरात गेला. आता कधीकधी पाठवणावळ जुन्या पुस्तकाच्या किमतीहून जास्त होते. तरी चाललंय. कोणी गावी, लग्नाला, कोर्टाच्या तारखेला निघालं की आधी गटात विचारतं, "नागपूरकडे काही न्यायचंय का?"

गेल्या वर्षी काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. थेंब कुठला किती वेळा, दोन थेंबांत पाच मिनिटं सोडायची, हे मी त्यांना रोज लिहून पाठवत होते. मग लक्षात आलं की ते वाचणार कसं, तेव्हा बोलून पाठवायला लागले. त्यावरून सिस्टर म्हणाल्या, थेंबांचं ऐकवता तसं पुस्तकच ऐकवू या की. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' ठरलं. लक्ष्मीबाई 1936 मध्ये गेल्या, म्हणजे बाईंच्या कायद्यातही बसतं. ज्याला जमेल त्याने एकेक तुकडा वाचायचा. बाईंचं वाचन म्हणजे इयत्ता सातवीचा तास, स्वल्पविरामालाही थांबणार. भाऊंच्या तोंडून नाशिककडची ती ब्राह्मणी मराठी वऱ्हाडी-झाडी हेल काढत आली, आणि वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे प्रसंग त्या हेलात इतके रंगले की काकांनी डोळ्याला ताण येतो, हसवू नका असा निरोप पाठवला. सिस्टरच्या तुकड्यांत मागे मॉनिटरची टिकटिक. माझ्यात "पांढऱ्या गोळ्या द्या". काकांनी एकही पुसलेला नाही.

सध्या दिवाळी अंकांची वाटणी चालू आहे. 1909 मध्ये 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी माणसाला हा वार्षिक ताप आहे. प्रत्येकाने दोन घ्यायचे, दुसऱ्याने घेतलेला घ्यायचा नाही, आणि संक्रांतीपर्यंत फिरवायचे. काकांना एक विनोदी हवाच, भाऊंना कविता असलेला, सिस्टरना ज्योतिष नसलेला. बाईंना सगळे. माझे दोन अजून ठरलेले नाहीत. कोणाला सुचत असेल तर कळवा, पण आधी एवढं लक्षात घ्या: काउंटरवर वाचायचेत, टाइप मोठा हवा, आणि कागद गुळगुळीत नसला तर बरं.